खऱ्या मँचेस्टरात

इचलकरंजीला आम्ही मँचेस्टर म्हणायचो.
भूगोलातही होतं ते,
एका मार्काची गाळलेली जागा.
आता शुक्रवारी रात्री साडेआठला
खऱ्या मँचेस्टरात, अँकोट्समधल्या एका जुन्या गिरणीत
मी आठ पौंडांची बिअर धरून उभा आहे
आणि ओळखीचे फक्त खांब आहेत. बिडाचे.

अण्णांनी विचारलं होतं फोनवर,
तिथं माग किती आहेत रे?
एकही नाही, म्हटलं, सगळी हॉटेलं झालीत.
एक हजार? ते म्हणाले.
असू देत एक हजार.
व्हिडिओ कॉलवर ओठ आवाजाच्या मागे राहतात,
म्हणून त्यांना माझं काही वाचता येत नाही.

डोरीन आज रिटायर झाली.
एकतीस वर्षं लोकांचे पगार काढले,
एक पेनी इकडची तिकडे नाही.
तिच्यासाठी आम्ही सातजण निघालोय.
पहिल्या बारमध्ये काकडी घातलेली जिन.
दुसऱ्यात इवल्या इवल्या बशा,
वांग्याच्या तीन फोडी, वर डाळिंबाचे सहा दाणे.
शेगुन म्हणाला, हे जेवण आहे की नैवेद्य?
(नैवेद्य म्हणाला नाही तो.
जे म्हणाला ते मला असं ऐकू आलं.)

कालव्याकाठानं चालताना
नोव्हेंबरातल्या बिनकोटाच्या पोरी
एकमेकींना धरून कुडकुडत, खिदळत गेल्या.
एकीनं सँडल हातात घेतली होती.
डोरीन म्हणाली, मीही अशीच होते,
फक्त सँडल स्वस्तातली.

तिसरा बार म्हणजे तळघर.
जिना उतरतानाच जमीन तळपायातून वर चढायला लागली
आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं.
आमची मागची भिंत शेडची भिंत होती.
अण्णा जॉबर. रात्रपाळीत वीज गेली, माग थांबले,
की आम्ही पोरं दचकून उठून बसायचो.
शांततेनं झोपमोड व्हायची आमची.

इथं शॉन माझ्या कानात ओरडत होता,
ओरडून ओरडून त्याच्या गळ्याची शीर फुगली,
कळलं एवढंच की त्यानं लसूण खाल्लाय.
तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातून डोरीन,
आवाज न काढता, ओठ ताणून ताणून:
जाम भूक लागलीय. चल इथून.
मी पोटावर हात ठेवला, अंगठ्यानं दार दाखवलं,
डबा घेऊन शेडच्या दारात उभी राहिलेली आई
अण्णांना दाखवायची तसं.
तिचा ग्लास तोंडापाशी थांबला.

वर रस्त्यावर आल्यावर म्हणाली,
हे तुला कुणी शिकवलं?
तिची आई बर्नलीत विणकरीण.
घरीसुद्धा अशीच बोलायची,
शेजारणीची निंदा तर हमखास.
पंचेचाळिशीत ठार बहिरी झाली.
अण्णाही, मी म्हणालो.
मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.
म्हणजे बोललो,
पण दिव्याखाली उभं राहून,
ओठांनी.
एक दारुडा आमच्याकडे बघत
खांबाला टेकून उभा राहिला आणि गहिवरून
त्यानं स्वतःची सिगरेट डोरीनला देऊ केली.

बाकीचे चौथ्या बारला गेले.
फोन थरथरत होता, कुठे आहात, कुठे आहात.
आम्ही मीरपूरच्या यासीनभाईंच्या खानावळीत,
भात आणि वर तीन कालवणं,
फॉर्मायकाचं टेबल, प्लास्टिकचा जग.
डोरीननं पालक-गोश्त, डाळ आणि कोबी घेतला,
नाक पुसत पुसत सगळं संपवलं
आणि माझ्या ताटातला बटाटा न विचारता उचलला.
सोमवारी काय करणार, मी विचारलं.
झोपेन, म्हणाली. जमलं तर.

भट्टीवरच्या पंख्याचं एक पातं ढिलं होतं,
खट्. खट्. खट्.
इतका वेळ ते कानावरही आलं नव्हतं.
साडेबाराला यासीनभाईंनी बटण बंद केलं

आणि आम्ही दोघांनी
एकदम वर पाहिलं.